जुना ट्रॅक्टर घरीच उभा करायचा, तर रंगाचा डबा शेवटी उघडा

अर्ध्यावर सोडून दिलेल्या ट्रॅक्टरांची कहाणी बहुतेक वेळा एकसारखी असते. उत्साहाच्या भरात सगळं खोललं जातं, नट-बोल्ट एकाच डब्यात पडतात, बोनेट आणि मडगार्ड चकाचक रंगवून भिंतीला टेकवले जातात आणि मग कळतं की इंजिनच्या ब्लॉकला तडा आहे. खरं तर १९४० ते १९६० च्या दशकांतला ट्रॅक्टर नवशिक्यासाठी फार चांगलं यंत्र आहे. बिडाचे जाड भाग, हात शिरेल एवढी जागा, इलेक्ट्रॉनिक्सचं नाव नाही, आणि कोणता भाग काय करतो हे डोळ्यांना दिसतं. अडतं ते कामाच्या क्रमापाशी. आधी इंजिन, मग क्लच आणि गिअरबॉक्स, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडायचा मोह पावलोपावली होणार आहे.

कोणता ट्रॅक्टर हाती घ्यावा

पहिल्याच कामाला दुर्मीळ मॉडेलच्या मागे लागू नका. जे लाखांनी बनले त्यांतलं एखादं निवडा. फर्ग्युसन टीई-२० हा १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनला. फोर्ड ८एन १९४७ ते १९५२ एवढाच काळ बनला, पण तोही पाच लाखांच्या वर गेला. मॅसी फर्ग्युसन ३५ हाही असाच चांगला पर्याय. संख्या मोठी असल्यामुळे यांच्या क्लच प्लेट, लायनर (सिलिंडरच्या आतली बदलता येणारी नळी), पॅकिंग, ऑईल सील, एवढंच काय बोनेटवरची अक्षरंसुद्धा अजून नवीन मिळतात.

बघायला गेल्यावर तुटलेल्या भागांपेक्षा गायब भागांकडे जास्त लक्ष द्या. तुटलेल्या भागावरून माप घेता येतं, तो जोडता येतो, लेथवर नवा करून घेता येतो. मॅग्नेटो (बॅटरीशिवाय प्लगला ठिणगी देणारा भाग), मागच्या हायड्रॉलिक लिफ्टचं झाकण किंवा मूळ पत्रेच नसतील तर शोधाशोधीतच उत्साह संपतो. ब्लॉकच्या बाजूंवर टॉर्च मारून आडवे तडे शोधा. पाणी न काढता ठेवलेलं इंजिन थंडीत गोठून असंच फुटतं. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर पाणी आत गेलेलं आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर वेल्डिंगचे डाग दिसले तर मालकाला स्पष्ट विचारा. मागच्या रिमवर, विशेषतः व्हॉल्व्हच्या भोकाभोवती, गंजाने चाळण झाली असेल तर समजा की वजनासाठी टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरलेलं होतं. ते अजूनही आत असेल तर ते एक चाक तुमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जड असेल, आणि ते काढताना एकट्याने हात घालू नका.

मालकीचे कागद तपासा आणि कंपनीच्या नंबर पट्टीवरचा चेसिस नंबर व इंजिनवरचा नंबर लगेच वहीत उतरवा. एकाच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये वेगवेगळी इंजिनं आलेली असतात. टीई-२० मध्येच सुरुवातीला कॉन्टिनेन्टलचं इंजिन होतं, पुढे स्टँडर्डचं आलं, आणि इंधनानुसार पेट्रोल, रॉकेलसारखं इंधन आणि डिझेल असे प्रकार झाले. मॉडेलचं नाव सांगून मागवलेलं पॅकिंग म्हणूनच बसत नाही. पुस्तकं तीन लागतात: चालकाचं, दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचं. तीनपैकी एकच मिळत असेल तर सुट्या भागांचं घ्या. त्यातल्या आकृत्यांत कोणता वॉशर कोणत्या बाजूला बसतो ते दिसतं, आणि तेच जोडताना सगळ्यात जास्त लागतं.

जागा आणि हत्यारं

जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. ट्रॅक्टर मधून दोन तुकड्यांत सोडवायची वेळ येते, म्हणून लांबीला त्याच्या दीडपट तरी जागा मोकळी ठेवा. टनाच्या वरचं वजन आहे, तेव्हा जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. जॅक फक्त उचलायला. वजन पेलायला लोखंडी स्टँड किंवा आडवे-उभे रचलेले कठीण लाकडाचे ओंडके. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वापरूच नका. ते आधी कुरकुर न करता एकदम फुटतात.

पाने घेण्याआधी ट्रॅक्टर कुठला आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश यंत्रांवर व्हिटवर्थ किंवा बीएसएफ आटे सापडतात, अमेरिकनांवर यूएनसी आणि यूएनएफ, युरोपातल्या बाकीच्यांवर बहुतेक मेट्रिक. शिवाय आधीच्या कोणीतरी मिळेल तो बोल्ट ठोकलेला असतोच. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही; नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. जवळचा मेट्रिक पाना कसाबसा बसवून जोर लावला की षटकोनी डोकं गोल होतं आणि पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार लागते. टॉर्क पाना, फिलर गेज (फटी मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज, आटे पाडायचा टॅप-डायचा संच आणि बऱ्यापैकी बाक-पकड एवढं विकत घ्या. बाकी महागडी हत्यारं एकदाच लागतात, ती मागून आणा.

काहीही खोलण्याआधी

इंजिन चालू होत असेल तर आधी चालवा. धुराचा रंग, तेलाचा दाब, आवाज, कोणत्या गिअरला खरखर होते, लिफ्ट उचलते का, कुठून काय गळतं, हे सगळं लिहून काढा. एका तासात जेवढं कळतं तेवढं महिनाभर खोलून कळत नाही. टीई-२० किंवा ८एन असेल तर एक लक्षात ठेवा: त्यांचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे मागे अवजारं फिरवणाऱ्या, दांड्यावर चालतो. पीटीओची लिव्हर लावलेली नसेल तर लिफ्ट हलणार नाही, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. निव्वळ एवढ्यावरून लिफ्ट खोलणारे लोक आहेत.

मग कॉम्प्रेशन तपासा. पेट्रोल आणि डिझेलचे गेज वेगळे असतात. डिझेलचा दाब कितीतरी जास्त असतो. नेमका आकडा पुस्तकात असतो, पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास आहेत का हे जास्त महत्त्वाचं. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग किंवा लायनर झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेडच्या पॅकिंगकडे बघा.

इंजिन जाम असेल तर घाबरायचं कारण नाही, घाईचं मात्र नक्की नाही. प्लग किंवा नोझल काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल भरा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रण अनेक जण वापरतात आणि ते चांगलं काम करतं. फक्त अॅसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा जवळ ठिणगी नको. काही दिवस, कधी काही आठवडे भिजू द्या, अधूनमधून तेल टाकत राहा. नंतर फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून अगदी हलके पुढे-मागे हलवा. एक केसभर हललं तरी काम झालं म्हणून समजा. तेवढ्याच अंतरात पुढे-मागे करत वाढवत न्या. जाम इंजिनचा ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणं हा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत वाईट उपाय. त्यात कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि कधी चिकटून बसलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

खोलण्याची शिस्त

एका वेळी एकच विभाग खोला आणि तो पुरा करूनच पुढच्याला हात लावा. ट्रॅक्टर शक्यतो चाकांवर उभा आणि ढकलता येईल असाच राहिला पाहिजे. खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, विशेषतः पाइप, केबल आणि स्प्रिंगांचे. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. त्याहून चांगलं म्हणजे भाग निघाला की त्याचे बोल्ट हाताने परत त्याच भोकांत फिरवून ठेवायचे. एकाच झाकणाला लांब आणि आखूड बोल्ट असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर बिडाला तडा देतो.

गंजलेल्या बोल्टवर ताकद हा शेवटचा उपाय. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी मारा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार टोले द्या आणि मग आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवा. हलला की सोडवा, अडला की परत घट्ट करा, असं पुढे-मागे. नाही हलला तर गॅसच्या ज्योतीने बोल्टऐवजी भोवतालचा भाग तापवा. तो फुगतो आणि पकड सुटते. गरम जोडाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, हाही जुना आणि भरवशाचा उपाय. स्टड मुळाशी तुटलाच तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा आणि नट निवू द्या. वेल्डिंगची उष्णताच अर्धं काम करते. ज्योत लावण्याआधी ती जागा ब्रेक क्लीनरने धुतलेली नाही याची खात्री करा. क्लोरीनवाला क्लीनर तापला की विषारी फॉस्जिन वायू तयार होतो.

क्लच आणि ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं बंद पिशवीत टाका आणि योग्य फिल्टरचा मास्क लावा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोही कोरडा घासायचा नाही.

इंजिन

खोलायचं किती हे मघाच्या तपासणीने ठरलेलं असेल. दाब चांगला, तेलाचा दाब चांगला आणि धूर बेताचा असेल तर हेडसुद्धा उघडू नका. पॅकिंग आणि सील बदला, व्हॉल्व्हच्या फटी जुळवा, पाण्याचे मार्ग धुवा आणि पुढे चला. गरज नसताना इंजिन खोलून नव्या अडचणी विकत घेण्यात अर्थ नाही.

खोलायचंच झालं तर आधी लायनर कोणते ते समजून घ्या. ओले लायनर थेट पाण्यात बसलेले असतात आणि घरी बदलता येतात. टीई-२० मधल्या स्टँडर्ड इंजिनाचे तसे आहेत. पर्किन्सच्या तीन सिलिंडरवाल्या ३.१५२ मध्ये कोरडे लायनर येतात. ते दाबून बसवणं आणि नंतर बोअर करणं हे मशीन शॉपचं काम. ओल्या लायनरची वरची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर राहायला हवी, तेव्हाच हेडचं पॅकिंग दाबलं जातं. किती वर हे डायल गेजने मोजून पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. हे मोजमाप टाळलं तर हेड बसवल्यावर पाणी सिलिंडरमध्ये येतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर नंबर असतात. नसतील तर खोलण्याआधी पंचने खुणा करा. एकीची टोपी दुसरीला बसवायची नाही, उलटीही लावायची नाही. बेअरिंगमधली फट मोजायला प्लास्टिगेज नावाची मेणासारखी बारीक तार मिळते: क्रँकवर ठेवायची, टोपी ठरलेल्या टॉर्कला आवळायची, परत काढून चपट्या झालेल्या तारेची रुंदी पट्टीवर वाचायची. या दरम्यान क्रँक फिरवायचा नाही. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने बघा. ढोबळ हिशेब असा की व्यासाच्या दर इंचाला तीन ते चार हजारांश इंच. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

हेड बसवताना बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळत न्या. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत तेल किंवा पाणी साठलेलं असेल तर आधी ते काढा. साठलेला द्रव दबून ब्लॉक फुटू शकतो.

डिझेल, पेट्रोल आणि गंजलेली टाकी

डिझेल पंप आणि नोझल घरी खोलू नका. त्यांची मापं इतकी बारीक असतात की चाचणीच्या बाकाशिवाय काही कळत नाही. काढून जाणकाराकडे द्या. नोझलचा फवारा बघायला हात पुढे नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते, आणि तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते.

फिल्टर बदलला, पाइप सोडला की एअर काढावी लागते. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचे, शेवटी नोझलकडचे नट, याच क्रमाने. फीड पंपाची हाताची लिव्हर मारत राहायची आणि बुडबुडे संपले की स्क्रू बंद. लिव्हर सैल लागते, डिझेल येत नाही असं झालं तर पंप खराब ठरवण्याआधी इंजिन थोडं फिरवा. कॅमचा उंचवटा लिव्हरवर चढून बसला असेल तर ती हातात पोकळच लागते.

पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर पूर्ण खोलून धुवा, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट साफ करून फट जुळवा. मॅग्नेटो असेल तर हँडल हळू फिरवताना इम्पल्स कपलिंगचा (हळू फिरवतानाही मॅग्नेटोला झटका देणाऱ्या जोडाचा) ‘टक्’ असा आवाज यायला हवा. येत नसेल तर बहुधा आत जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं.

लहान भागांचा आणि टाकीचा गंज काढायला विजेचा उपाय उत्तम. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, जुन्या धाटणीचा बॅटरी चार्जर. गंजका भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा निरुपयोगी तुकडा धन टोकाला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. उलटी जोडणी झाली तर चांगलाच भाग खाल्ला जाईल. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियमचा भागही या पाण्यात नको. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि तारा काढण्याआधी चार्जर बंद करा. पेट्रोलच्या टाकीला हे करायचं तर आधी ती धुऊन वाफा पूर्ण घालवा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीला वेल्डिंग करायला जाऊन जीव गेलेले आहेत.

मधून सोडवणं

या काळातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, तोच सांगाडा. त्यामुळे क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर दोन भागांत सोडवावा लागतो, आणि सगळ्या कामातला हा सगळ्यांत धोक्याचा टप्पा आहे. पुढचा धुरा मधल्या एका पिनवर झुलतो. जोड सुटला की इंजिनचा भाग त्या पिनवर कोणत्याही बाजूला कलंडू शकतो. म्हणून पहिलं काम: धुरा आणि त्यावरचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी घट्ट ठोका. मग गिअरबॉक्सखाली पक्का आधार, इंजिनखाली चाकांचा ट्रॉली-जॅक, आणि स्थिर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. स्टिअरिंगचे दांडे, वायरी, डिझेलचे पाइप सुटलेत का ते दोनदा बघा. दोन्ही भाग एका रेषेत आणि एका उंचीवर असतील तर फट आपोआप रुंदावते. अडकलं तर पहार घालण्याआधी एखादा विसरलेला बोल्ट शोधा; तो असतोच.

एवढं उघडल्यावर फक्त क्लच प्लेट बदलून बंद करू नका. प्रेशर प्लेट, क्लचचं बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑईल सील याच वेळी बघून घ्या. परत जोडताना प्लेट बरोबर मध्यावर हवी. त्यासाठीची दांडी मिळते, नाही तर लेथवर लाकडाची करून घ्या. दात जुळले नाहीत म्हणून बोल्ट आवळून ओढायचं नाही. पुढच्या पुलीने इंजिन थोडं फिरवलं की दात आपसूक सापडतात.

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक

गिअरबॉक्स सहसा शाबूत असतो. जुनं तेल काढा, तळाचा गाळ आणि पाणी धुऊन काढा, वरचं झाकण उघडून दात बघा, बंद करा. फर्ग्युसनमध्ये गिअरबॉक्स, मागचा धुरा आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं, म्हणून तेलातलं पाणी लिफ्टचाही व्हॉल्व्ह चिकटवतं. तेल बदलताना पुस्तकात सांगितलेलाच दर्जा घ्या. हल्लीच्या काही गिअर ऑईलांतली रसायनं जुन्या पितळी आणि ब्रॉन्झ बुशांना खातात.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर

हे सगळं पहिल्या फेरीच्या आधी. मागच्या धुऱ्याचं सील गळत असेल तर ड्रममध्ये तेल जातं आणि तेल प्यालेली लायनिंग कितीही धुतली तरी पकडत नाही. सील आणि लायनिंग दोन्ही बदला. डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडणारी कडी लावलेली असावी आणि दोन्ही चाकं सारखीच थांबायला हवीत. पुढची चाकं उचलून हलवा: किंग पिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या पिनचे) बुश, टाय रॉडची टोकं आणि हबचे बेअरिंग यांतलं नेमकं कोण सैल आहे ते एकाने चाक हलवून आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर हात ठेवून कळतं.

टायर बसवताना कडा रिमवर चढत नाही म्हणून हवा वाढवत जाऊ नका. टायरवर लिहिलेल्या मर्यादेपलीकडे गेलात तर फुटलेला टायर माणसाला फेकून देतो. साबणाचं पाणी लावा, हवा सोडा, पुन्हा भरा.

वायरिंग

जुनी कापडी वेष्टणाची वायर पूर्ण काढून टाका. पाच-सात वायरींचं काम आहे, त्यात ठिगळं लावण्यात अर्थ नाही. मात्र बॅटरी जोडण्याआधी थांबा. फोर्ड ८एन आणि बऱ्याच जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असतं. सवयीने उलटं लावलं तर डायनामोची ध्रुवता आणि अँपिअर मीटर दोन्ही उलटे होतात. सहा व्होल्टची यंत्रणा असेल तर सेल्फला त्याच ताकदीसाठी दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, म्हणून केबल चांगली जाड हवी. सेल्फ मंद फिरतो या तक्रारीमागे बहुतेक वेळा बारीक केबल किंवा रंगावर आवळलेलं अर्थिंग असतं. मूळ यंत्रणेत फ्यूज नसला तरी तुम्ही एक घाला.

पहिल्यांदा चालू करताना

ट्रॅक्टर उघड्यावर, चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. इंधन बंद ठेवून सेल्फने फिरवा आणि गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत चालू करायचा प्रयत्न करू नका. सेल्फला मधूनमधून विश्रांती द्या. डिझेल इंजिन असेल तर हवेच्या वाटेचं तोंड झाकेल एवढी जाड फळी हाताशी ठेवा. बरेच दिवस पडून असलेल्या पंपाचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा) अडकला तर इंजिन वेग धरतं आणि बंदच होत नाही; मग हवा कोंडणं हाच इलाज. फळीने, तळहाताने नव्हे. हँडल मारून चालू करणार असाल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा आणि वर ओढा. उलटा झटका आला तर अंगठा तरी वाचेल. सेल्फच्या टोकांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून चालू करू नका. गिअर पडलेला असेल तर मागचं चाक तुमच्यावरूनच जाईल.

चालू झाल्यावर पाणी, तेलाचा दाब, गळती बघा. नव्या रिंगा बसवल्या असतील तर तासन् तास नुसतं मंद चालवत ठेवू नका. बेताचा भार असलेलं काम द्या, नाही तर लायनरला काचेसारखी चमक येते आणि रिंगा बसतच नाहीत. इंजिन काही वेळा तापून निवल्यावर हेडबद्दल पुस्तकात काय सांगितलंय ते बघून पुन्हा आवळा, व्हॉल्व्हच्या फटी तपासा, आणि पहिलं तेल लवकर बदला. अवजार किंवा ओझं ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारला बांधून. धुऱ्याच्या वर बांधलं तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. या वयाच्या यंत्रांना सहसा संरक्षक कमान नसते. पीटीओवर झाकण नसेल तर नवं बसवा.

आता रंग

दोन-चार आठवडे असंच चालवा. उरलेल्या गळत्या या काळात दिसतात, आणि ताज्या रंगावरून वाहणारं तेल बघण्यापेक्षा आत्ता दिसलेली बरी.

मूळ रंग निम्मा जरी टिकलेला असेल तर माझं मत रंगवू नका असंच आहे. खराब रंग कधीही चढवता येतो, मूळ रंग परत आणता येत नाही. स्वच्छ धुवा, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, झालं. फक्त ते तेल पुसलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा.

रंगवायचंच ठरलं तर मेहनतीचा मोठा वाटा तयारीत जातो. ग्रीस आधी काढा आणि मगच घासा, नाही तर ग्रीस पत्र्यात घोळतं आणि रंग तिथेच सुटतो. पत्र्यातले पोचे ठोकून सरळ करा. पुट्टी (लांबी) भरून सपाट केलेलं बोनेट कंपनाने तडकतं. त्यावर गंजरोधक प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. घरच्या शेडला साधा सिंथेटिक इनॅमल ठीक आहे. दोन डब्यांचे, आयसोसायनेटचं हार्डनर लागणारे रंग बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय फवारायचे नाहीत. साधा फिल्टर पुरत नाही. आरशासारख्या चकाकीच्या नादी लागू नका. कारखान्यातून निघताना हे ट्रॅक्टर जोडलेल्या अवस्थेत, बोल्टांसकट एका हाताने रंगवले जात आणि बिडाचा खरखरीतपणा रंगातून दिसत असे.

नंबर पट्टी, टायर, दिव्यांच्या काचा, रबरी सील, केबल आणि इंजिनचा श्वास घेणारा नळ कागदी टेपने झाका. ग्रीस निप्पल एकेक करून झाकायचा कंटाळा येतो, पण झाका. बुजलेल्या निप्पलमधून किंग पिनला ग्रीस जात नाही आणि ते वरून कळतही नाही. रंग वाळला की टेप काढून प्रत्येक निप्पलला ग्रीस गन लावा आणि जोडाच्या कडेने नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.